वरच्या मजल्यावरचे गृहस्थ

४ फेब्रुवारी

चिरंजीवांस आशीर्वाद.

मी ठणठणीत आहे. तुझ्या मागच्या पत्रात तू तसं काही विचारलं नव्हतंस, तरी आपलं सांगून ठेवतो.

फोन न करता एवढं लांब पत्र का लिहिलं, म्हणशील. फोनवर आपण दोघं हवामान सांगतो. तुझ्याकडे थंडी, माझ्याकडे ढग. मग तू 'बरं' म्हणतोस, मी 'बरं' म्हणतो, आणि आधी कोण ठेवतो याची वाट बघत दोघेही गप्प. पत्रात निदान मधे कुणी 'बरं' म्हणत नाही. आणि आजचं प्रकरण जरा सविस्तर आहे, शिवाय तुझ्या धंद्यातलं.

आपल्या डोक्यावरच्या घराला इतकी वर्षं कुलूप होतं ना, तिथे एक गृहस्थ राहायला आलेत. माझ्याच वयाचे, एकटे, बायको वारलेली. वरती त्यांच्या चपलांचा आवाज ऐकू येतो. भला माणूस आहे, थोडा तिरसट आहे, पण आपलं काय जातं. त्यांच्या उजव्या फुफ्फुसात गाठ निघाली. शेंगदाण्याएवढी, अगदी बाहेरच्या कडेला. खोकला जाईना म्हणून फोटो काढला, त्यात दिसली. मग सुईने तुकडा काढून तपासला. कॅन्सर आहे. पण सुरुवातीचा, कुठे पसरलेला नाही. कापून काढली असती, पण त्यांचं हृदय आता जुन्या मोटरसारखं झालंय, सुरू होताना कुरकुरतं. भूल झेपायची नाही म्हणाले. म्हणून किरण द्यायचं ठरलंय.

आता खरी गंमत ऐक. डॉक्टरीणबाई तरुण आहे, तुझ्यापेक्षाही लहान असेल. ती म्हणाली, दोन तऱ्हा आहेत. एक तर सगळे किरण एकाच दिवशी, एकदाच काय ते. नाहीतर वाटून पाच वेळा, दिवसाआड. तुमच्या गाठीला दोन्ही चालतं, गुण सारखाच येईल, तुम्हाला काय सोयीचं ते ठरवून सांगा.

ठरवून सांगा! मी जन्मभर लिफ्टा दुरुस्त केल्या. आत बसणाऱ्याला एकदा तरी विचारलं का, साहेब, दोर कुठला लावू? त्याने बटण दाबायचं, बाकीचं आम्ही बघायचं. पण ही बाई हसून म्हणते, निर्णय तुमचा. गृहस्थ बिचारे चेहरा पाडून खाली आले, माझ्याकडे चहा प्यायले, आणि मला विचारत बसले. मी त्यांना म्हटलं, माझा मुलगा हेच काम करतो, मशीनने कुठून किती किरण सोडायचे त्याचा हिशेब मांडतो, त्याला विचारतो. तर त्यांना मोठा धीर आला.

मला विचारशील तर हे सामान वर नेण्यासारखं आहे. एका खेपेत नेलं तर काम संपतं, पण लिफ्टवर भार येतो. पाच खेपांत नेलं तर भार कमी, पण वर-खाली करणारा दमतो. एवढंच मला समजलं. ह्यापुढचं तू सांग.

बाकी इकडे नवीन काही नाही. परवा बँकेत गेलो होतो. तिथल्या लिफ्टचं दार उघडलं आणि एक मुलगी फोनमध्ये डोकं घालून तशीच आत शिरली. मला घाम फुटला. तुला लहानपणी बदडून शिकवलं होतं, दार उघडलं म्हणजे लिफ्ट आलीच असं समजायचं नाही, आधी खाली बघायचं, मग पाय टाकायचा. लिफ्ट नसताना दार उघडलं तर माणूस कुठे जातो, ते मी एकदा बघितलंय. लोक मला हसतात. एवढ्या वर्षांत आमच्या खात्याबाहेरचा एक माणूस मला असा भेटला नाही जो आत शिरण्याआधी खाली बघतो.

न्हाणीघरातला नळ अजून गळतोय. मी खाली पातेलं ठेवलंय. मला करता येत नाही असं नाही, पण ते तुझं काम आहे, तू आलास की बघ.

— बाबा


२२ फेब्रुवारी

चिरंजीवांस,

तुझं उत्तर मिळालं. पाच ओळी, त्याही टाइप केलेल्या. वीजबिलावर यापेक्षा जास्त मजकूर असतो.

रागावू नकोस, गंमत केली. उत्तर कामाचं होतं. गृहस्थांना वाचून दाखवलं. दोन्ही तऱ्हा योग्य आहेत, एकदाच घेतलं तर त्या दिवशी टेबलावर हात डोक्यावर घेऊन जास्त वेळ पडावं लागेल, खांदा दुखत असेल तर आधी सांगावं, नंतर थकवा आणि थोडा खोकला येईल तो दोन्हीत येईल, हे सगळं त्यांना पटलं. 'त्यांच्यासोबत कोण आहे?' ही शेवटची ओळ मात्र मी वाचली नाही. उगाच कशाला.

मापं घ्यायला बोलावलं होतं. मापं दोन्ही तऱ्हांना एकच असतात, म्हणून आधी ती उरकून घेतली. मी त्यांच्यासोबत गेलो होतो. तुला हे रोजचंच, पण मला नवीन होतं म्हणून लिहितो. तळघरात नेलं. बारीक दाण्यांनी भरलेली एक मोठी निळी पिशवी टेबलावर पसरली, तिच्यावर त्यांना उताणं झोपवलं, हात वर घ्यायला लावले, आणि पिशवीतली हवा ओढून घेतली. पिशवी दगडासारखी घट्ट झाली. त्यांच्या पाठीचा, बगलेचा, कोपरांचा साचाच तयार झाला. त्यांचं नाव लिहून फळीवर ठेवून दिला. आता तो साचा दुसऱ्या कुणाला बसायचा नाही. गृहस्थ म्हणाले, आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या मापाची गादी मिळाली.

मशीनवर एक बाई आहे, उंच, हात गार. तिने छातीवर शाईचे ठिपके काढले आणि सांगितलं, आता नेहमीसारखा श्वास घ्या. नेहमीसारखा घ्या म्हटलं की नेहमी कसा घेतो तेच आठवत नाही. असं ते म्हणाले. आणि ठिपके काढताना तिने खांद्यावर हात ठेवला होता तो बराच वेळ तसाच ठेवला, माणूस हलू नये म्हणून. किती दिवसांनी कुणी खांद्यावर हात ठेवला, हे त्यांच्या लक्षात आलं आणि डोळ्यांत पाणी आलं. हात वर असल्यामुळे पुसताही येईना. हेही तेच म्हणाले.

बाहेर बसायची खोली मला आवडली. भिंतीकडेला खुर्च्या, मधे मासिकं, कोपऱ्यात चहाचं यंत्र, त्यात चहा सोडून सगळं मिळतं. तिथे रोज येणारी माणसं आहेत. एक घशाचा आजार असलेला टॅक्सीवाला आहे, तो बोलत नाही, पण सगळ्यांचे कोट ओळखतो. एक शिक्षिका आहे, कित्येक आठवडे येतेय. नवा माणूस आला की ती विचारते, तुमचा कितवा? आणि आपल्या शेजारची खुर्ची त्याला देते. गृहस्थ गेले तर तिने त्यांनाही विचारलं, तुमचे किती? ते म्हणाले, एक किंवा पाच, ठरायचंय. ती म्हणाली, पाच घ्या हो, एकदा येऊन जाणाऱ्यांची ओळखच होत नाही. टॅक्सीवाल्याने मान हलवली. त्यांच्या मनात येऊन गेलं की पाच घेतले तर इथे आपली म्हणून एक खुर्ची होईल.

खरं सांगायचं तर त्यांना पाच आवडले असते.

पण मग वर गेलो. म्हणजे आम्ही दोघं. लिफ्टचं दार उघडलं, त्यांनी आधी खाली बघितलं, मग पाय टाकला, आणि तिसऱ्या मजल्यावर खिडकीपाशी तारखा घ्यायला गेलो. तिथली मुलगी म्हणाली, प्रत्येक वेळी सोबत एक माणूस लागेल, घरी पोचवायला. कोण येणार? गृहस्थ म्हणाले, मुलगा. ती म्हणाली, फोन द्या त्याचा. ते म्हणाले, तो लांब असतो. मग तिने 'मुलगा' पेन्सिलीने लिहिलं आणि म्हणाली, नक्की झालं की शाईने करू.

घरी आल्यावर जिना चढताना ते दुसऱ्या मजल्यावर थांबले. आपल्या इमारतीत लिफ्ट नाही ही माझ्या नशिबाची थट्टा तुला माहीतच आहे. थांबून म्हणाले, पाच वेळा कुणाच्या दारात उभं राहायचं? एकदाच असेल तर कुणालाही म्हणता येतं, नाहीतर एकट्यानेही निभावता येतं. म्हणून एकदाच घ्यावं. मी म्हटलं, मुलाला कळवून तर बघा. तर म्हणाले, काय सांगून बोलवू? कामाशिवाय तो येत नाही, आणि कामाला बोलावलेलं त्याला आवडत नाही. मलाही ह्यातलं फारसं कळत नाही.

तुझंच बघ. गेल्या खेपेला तू न कळवता आलास. मी दार उघडलं आणि विचारलं, काय काम काढलंस? आपल्या घरात सगळ्यांना असंच विचारतात, दूधवाल्यालासुद्धा. तू म्हणालास, काही नाही. आता मला सांग, काही नाही म्हणून कुणी एवढा विमानप्रवास करतं का? मला वाटलं, मनात काहीतरी आहे, सांगायला लाजतोयस. तोवर हाताला काम असावं म्हणून तुला नळ दिला. तू तो उघडलास, वायसर आणतो म्हणालास, आणि चौथ्या दिवशी बॅग भरलीस. वायसर राहिलं ते राहिलंच. तेव्हापासून पाच ओळी. मी काय वाईट बोललो होतो ते सांगितलं असतंस तर बरं झालं असतं. तुझी आई असती तर तिने मधे पडून दोन्हीकडचं भाषांतर केलं असतं.

असो. गृहस्थांना काय सांगू ते लिही. दोन आठवड्यांत कळवायचंय.

— बाबा


७ मार्च

चिरंजीवांस,

परवा तुझा फोन आला, तो आपला दिवस नव्हता. मी दचकलो. तुझ्याकडे पाऊस, माझ्याकडे ऊन, इथवर ठीक चाललं होतं. मग तू विचारलंस, पत्र मिळालं का? मी म्हटलं, नाही अजून. तू म्हणालास, मिळालं की लगेच वाचा आणि मला फोन करा. मी बरं म्हटलं. मग तू जरा थांबून विचारलंस, त्या शेजाऱ्यांनी तारीख घेतली का? मी म्हटलं, घेतील की. तुझा श्वास ऐकू येत होता. वाटलं, आता काहीतरी बोलशील. तू 'बरं' म्हणालास.

तर कळवतो की त्यांनी एकदाच घ्यायचं ठरवलं आहे. येता गुरुवार. डॉक्टरीणबाईला सांगितलं तर ती म्हणाली, चांगला निर्णय आहे. पाच म्हटलं असतं तरी ती हेच म्हणाली असती. त्या खिडकीवरच्या मुलीने तारीख शाईने लिहिली.

शिक्षिका खोलीतच होती. तिला सांगितलं, एकदाच. ती म्हणाली, सुटलात. मग खुर्चीवरची तिची पिशवी, जी तिने माझ्यासाठी बाजूला घेतली होती, ती परत तिथे ठेवली. रीतसरच होतं ते.

गुरुवारी त्यांच्यासोबत मी असेनच. काळजी नसावी.

— बाबा


११ मार्च

उद्या गुरुवार. दोन ओळी लिहून ठेवतो, टाकीन की नाही माहीत नाही.

तुझं पत्र गेल्या बुधवारी आलं. तू फोनवर विचारलंस त्याच्या आदल्या दिवशी. चहाच्या डब्याखाली ठेवलंय, फोडलेलं नाही. वरून हाताला जाड लागतं, पाच ओळींचं दिसत नाही. तू पाच घ्या लिहिलं असशील तर माझं मन पालटेल, आणि मन पालटलं तर खिडकीशी जाऊन परत 'सोबत कोण' ला उत्तर द्यावं लागेल. एक घ्या लिहिलं असशील तर तेही मला आज वाचायचं नाही. तू तसं लिहिलेलं मला सोसायचं नाही.

गुरुवार झाला की फोडतो.


१५ मार्च

प्रिय इस्क्रू,

ह्या नावाने तुला किती वर्षांत हाक मारली नाही. तू खिशात इस्क्रू भरून शाळेत जायचास आणि तुझी आई धुण्याच्या वेळी मला शिव्या घालायची. 

वरच्या मजल्यावर कुणी राहत नाही. कुलूप आहे तसंच आहे. हे तुला माहीत आहे, पण मी एकदा माझ्या हाताने लिहायला हवं.

गुरुवारी सकाळी लवकर निघालो. खिडकीवरच्या मुलीने विचारलं, सोबत कोण? मी म्हटलं, मुलगा, खाली गाडी लावतोय. किती सहज निघालं तोंडातून. तिने मान डोलावली आणि मी तळघरात गेलो. फळीवरून माझा साचा काढला, मी त्यात पडलो, आणि खरंच सांगतो, बरं वाटलं. कोपर कोपराच्या जागी, पाठ पाठीच्या जागी. मशीनवाल्या बाईने ठिपके जुळवले, खांद्यावर हात ठेवला, म्हणाली, मी आता बाहेर जाते, पण मला तुम्ही दिसत राहाल. आणि दार लागलं. ते दार भिंतीएवढं जाड आहे, तुला सांगायला नको.

मग यंत्र माझ्याभोवती फिरायला लागलं. आवाज फारसा नाही, जुन्या लिफ्टचं इंजिन वरच्या खोलीत लागतं तशी घरघर. दुखत काही नाही. खांदा मात्र जळायला लागला आणि हलायची सोय नाही. तेव्हा माझ्या मनात आलं, हे यंत्र इथे थांबतं, तिथे वळतं, हृदयाला वळसा घालून जातं, हे सगळं कुणीतरी आधी बसून मांडलंय. मी त्याला बघितलेलं नाही. तो मला ओळखत नाही. पण त्याने माझ्या छातीचा फोटो पुढे घेऊन दिवसच्या दिवस विचार केला असेल, इथून नको, तिथून जाऊ दे, म्हाताऱ्याचं हृदय आधीच कुरकुरतंय. कुणाचा तरी मुलगा असेल. आणि तिकडे तूही रोज कुणाच्या तरी बापासाठी हेच करत बसत असशील. मी मात्र सगळ्यांना सांगत आलो, मुलगा दवाखान्यात फोटोबिटो काढतो. मला फार वाईट वाटलं रे. रडूही आलं, पण रडलं की छाती हलते, म्हणून आवरलं.

संपल्यावर कपडे घालून वर आलो. ती मुलगी म्हणाली, तुमचा मुलगा अजून गाडीच लावतोय का? हसून म्हणाली, टोमणा नव्हता. मी दाराकडे वळलो. तिने टेबलावरचं काम बाजूला ठेवलं, मला लिफ्टपर्यंत आणलं, दार उघडलं. मी वाकून खाली बघितलं. ती म्हणाली, काय पडलं? म्हटलं, काही नाही, सवय आहे. खाली येऊन तिने मला टॅक्सीत बसवलं. घरी येऊन मी दुसऱ्या मजल्यावर थांबलो, मग तिसऱ्यावर पोचलो, आणि चपलाही न काढता चहाचा डबा उचलला.

तुझं पत्र हाताने लिहिलेलं होतं. अक्षर अजून तसंच आहे, ओळी वर चढत जातात. किती वेळा वाचलं असेल. आता पाठ झालंय, तरी समोर ठेवून उतरवतो, म्हणजे तुला कळेल की मी नीट वाचलं:

'बाबा, लिफ्टमध्ये पाय टाकायच्या आधी खाली बघणारी माणसं मी जन्मात दोनच पाहिली. एक तुम्ही आणि दुसरा मी. इथे माझ्यावर सगळे हसतात. तेव्हा शेजारच्या काकांना सांगा, पाच घ्या. एकदाच घेण्यात काहीच गैर नाही, गाठीला दोन्ही सारखं. पण एका दिवसासाठी मी आलो तर तुम्ही मला दुसऱ्या दिवशी परत पाठवाल. पाच घेतले तर दोन आठवडे लागतील. तेवढी रजा मी मागून ठेवली आहे, हा महिना आणि पुढचा, केव्हाही घेता येईल. पाचही वेळा मी बाहेरच्या खोलीत बसेन. मला तुमच्याकडे यायला एवढं मोठं काम आजवर मिळालं नव्हतं.'

इस्क्रू, मी तिथेच पलंगावर बसून राहिलो.

किरण झाले ते झाले. डॉक्टरीणबाईला विचारायची सोय नाही की बाई, अजून चार द्याल का, माझा मुलगा येतोय. गाठीला एक पुरे आहे म्हणाली, तीन महिन्यांनी फोटो काढू, बहुतेक बरंच होईल. ह्यात कुणाची चूक नाही. मी तुझं पत्र वेळेवर फोडलं असतं तर आज त्या खोलीत शिक्षिकेच्या शेजारी तू बसला असतास आणि तिने तुला विचारलं असतं, बाबांचा कितवा? हे सारखं डोळ्यांपुढे येतं. टॅक्सीवाल्याने तुझा कोटही ओळखून ठेवला असता.

हे फोनवर सांगता आलं असतं. दोनदा नंबर फिरवला आणि ठेवला. तू 'बरं' म्हणाला असतास, मीही 'बरं' म्हणालो असतो, आणि रजा तुझ्या खिशातच राहिली असती.

आता मला थकवा आहे, खोकलाही तू लिहिलास तसाच आहे, पण चालता येतं, स्वयंपाक करता येतो, जिना थांबत थांबत चढतो. दवाखान्यात जायचं नाही. कागदपत्रं काही नाहीत. बँकेचं नाही, घराचं नाही. मी सगळीकडे शोधलं, तुला बोलवायला कारण मिळतंय का बघायला. न्हाणीघरातला नळ तेवढा राहिला होता. एवढी वर्षं तो गळू दिला, रोज पातेलं ओतलं. वायसर घरातच होतं, माझ्या हत्यारांच्या पेटीत. तू आणतो म्हणालास तेव्हाही होतं.

आज सकाळी तो मी दुरुस्त केला. थेंबभरही गळत नाही. आता ह्या घरात तुझ्यासाठी एकही काम शिल्लक नाही.

तू ये. दार उघडल्यावर मी काही विचारणार नाही.

— बाबा